लाखाच्या पुढची गाडी: काय बघायचं, काय बदलायचं, कशाला हात लावायचा नाही

ओडोमीटरवर सहा आकडे आले की सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, 'आता काढून टाक, पुढे नुसता खर्च.' कुणी म्हणतं, 'काही होत नाही, आमची दोन लाख झाली, ऑइलशिवाय काही केलं नाही.' दोघांचंही ऐकू नका. नीट वापरलेल्या इंजिनाचं लोखंड लाखभर किलोमीटरला संपत नाही. त्याआधी संपतात ती रबरं, प्लास्टिकचे भाग आणि आतले द्रव, आणि ही मंडळी किलोमीटरपेक्षा वर्षं आणि उष्णता जास्त मोजतात. जुनी गाडी गॅरेजमध्ये इंजिन खोलून पडलेली दिसली की मालकाला मागचं विचारा. बहुतेक वेळा गोष्ट एखाद्या फुगलेल्या नळीपासून, गळून गेलेल्या कूलंटपासून (इंजिन थंड ठेवणारा द्रव) किंवा महिनोन्‌महिने न ओढलेल्या डिपस्टिकपासून (ऑइलची पातळी बघायची पट्टी) सुरू झालेली असते.

पुढचं सगळं एका नेहमीच्या गाडीला धरून लिहिलं आहे: २०१२ ते २०१४ च्या दरम्यान घेतलेली पेट्रोल हॅचबॅक, म्हणजे स्विफ्ट, वॅगनआर, आय-१० यांपैकी काहीही. रनिंग लाख-सव्वा लाख, महिन्याकाठी एखादी घाटातली फेरी, बाकी गावातल्या गावात. डिझेल आणि सीएनजीवाल्यांसाठी पुढे वेगळं आहे.

पहिलं काम: वही

गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेतलं सर्व्हिसचं वेळापत्रक नव्या गाडीसाठी आखलेलं असतं. लाखाच्या आसपास ते संपतं, किंवा 'पुन्हा पहिल्यापासून' असं सांगून मोकळं होतं. म्हणून स्वतःची वही करा. प्रत्येक कामापुढे किलोमीटर आणि तारीख दोन्ही लिहा, कारण कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी, टायर यांचं आयुष्य तारखेवर चालतं.

आधी जुनी बिलं काढून बसा. ज्याचं बिल नाही आणि जे केल्याचं नक्की आठवत नाही, ते झालेलं नाही असंच धरा. सेकंडहँड गाडी असेल तर 'मागच्या मालकाने सगळं केलंय' या वाक्याला किंमत शून्य. या पहिल्या हिशेबात इंजिन ऑइल आणि फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग एवढ्यांच्या तारखा लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर ही सगळी कामं दोन-तीन महिन्यांत उरकून घ्या. पुढचं निदान त्यामुळे सोपं होतं. जुन्या प्लगवर आणि बुजलेल्या फिल्टरवर चालणारी गाडी ओढत नाही म्हणून कुणी लगेच क्लच उघडायला लागला, तर चूक त्याची एकट्याची नाही.

दुसरं काम: थंड इंजिनावर सकाळची तपासणी

रात्री गाडी सपाट जागी लावा आणि इंजिनाखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. टीव्हीच्या खोक्याचा चालतो. सकाळी तो पुठ्ठा बरंच काही सांगतो. काळपट, चिकट डाग असेल तर इंजिन ऑइल. हिरवा, निळा किंवा गुलाबी, बोटाला किंचित गुळगुळीत लागणारा आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट. लालसर आणि पातळ असेल तर बहुतेक पॉवर स्टीअरिंगचं तेल, पण इलेक्ट्रिक स्टीअरिंगच्या गाडीत ते नसतंच. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, पाण्यासारखं पातळ काही दिसलं तर ब्रेक ऑइल असू शकतं, आणि मग गाडी तिथून चालवत न्यायची नाही, मेकॅनिकला घरी बोलवायचं. आदल्या दिवशी एसी चालवलेला असेल तर डाव्या बाजूला पडलेलं स्वच्छ पाणी हे नुसतं पाणी आहे, ते सोडून द्या.

मग बोनेट उघडा. डिपस्टिक ओढून पुसा, पुन्हा घालून ओढा. ऑइल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये असलं की झालं. छोट्या पेट्रोल इंजिनात या दोन खुणांमध्ये साधारण लिटरभराचं अंतर असतं. वरच्या खुणेच्याही वर भरलेलं असेल तर ते चांगलं लक्षण नाही. 'थोडं जास्तच टाकलंय साहेब' हे गॅरेजमधलं औदार्य ऑइलला फेस आणतं आणि सीलवर ताण देतं. ऑइलच्या टोपणाच्या आतल्या बाजूला दुधाळ साय दिसली तर दोन शक्यता. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर ती नुसती वाफ आहे, एकदा तासभर हायवेवर न्या, निघून जाईल. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर कूलंट ऑइलमध्ये उतरतंय. गाडी सुरूच करू नका.

आता गाडी सुरू करा आणि कान द्या. टायमिंग चेनवाल्या इंजिनात (चेन की बेल्ट ते पुढे येईल) पहिल्या सेकंदभरात हलकी खळखळ झाली आणि थांबली तर घाबरायचं कारण नाही. ती दर सकाळी वाढत गेली तर टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) आणि चेन बघायला हवी. सायलेन्सरमागे कुणाला तरी उभं करा. पहिल्या मिनिटात निळसर धुराचा एक झोत येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत. चालवताना ॲक्सिलरेटर दाबला की निळा धूर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगांकडे बोट जातं. थंडीतली पांढरी वाफ सोडून द्या, पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल तर हेड गॅस्केट गेलंय, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरचा भाग (हेड) यांच्यामधलं पॅकिंग.

कूलिंग: सगळ्यात जास्त लक्ष इथे

जुन्या गाडीवर पहिला खर्च कुठे करायचा असं विचारलंत तर माझं उत्तर एकच, कूलिंगवर. ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं की बिल हजारांत राहत नाही, दहा हजारांत मोजावं लागतं. आणि ते वाकतं ते काही शे रुपयांच्या वस्तूमुळे.

रेडिएटरची टोपी घ्या. तिच्या आत एक स्प्रिंग आणि रबराची चकती असते. ही टोपी दाब धरून ठेवते, म्हणून कूलंट शंभर अंशांच्या बरंच पुढे जाऊनही उकळत नाही. दहा वर्षांत रबर चिरतं, स्प्रिंग सैल पडते, दाब धरला जात नाही, आणि घाट चढताना कूलंटच्या बाटलीत बुडबुडे दिसायला लागतात. थंड इंजिनावर टोपी काढा आणि रबराच्या कडेवरून नख फिरवा. खाचा लागल्या किंवा रबर बोटाखाली कुरकुरीत वाटलं तर नवी आणा, आणि टोपीवर छापलेला दाबाचा आकडा जुन्याइतकाच आहे ना ते बघा. कूलंटच्या टाकीवरच टोपी असलेल्या गाड्यांतही नियम तोच.

नळ्या. रेडिएटरच्या वरची आणि खालची जाड नळी, हीटरकडे जाणाऱ्या दोन बारीक नळ्या, आणि थ्रॉटल बॉडीला जाणारी असेल तर ती. थंड असताना दाबून बघा. चांगली नळी गच्च पण लवचीक लागते. कडक, करकरणारी किंवा उलट मऊ पडून क्लिपच्या शेजारी फुगलेली असेल तर बदला. एक फुटली म्हणून एकच बदलायची ही काटकसर महागात पडते, सगळ्या एकाच वयाच्या असतात. नळ्यांबरोबर क्लिपाही नव्या घ्या.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आपल्याकडे गाडी तापली की तो काढून फेकून द्यायची पद्धत अजून आहे. 'आपल्या हवेला लागत नाही' असं ठामपणे सांगितलं जातं. लागतो. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो आणि इंजिनाला लवकर त्या तापमानाला आणून तिथे ठेवतो. तो नसेल तर हायवेवर इंजिन पुरेसं तापत नाही, कॉम्प्युटर इंजिन थंड आहे असं समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल आणि ओल उडून जात नाही. तुमच्या गाडीत तो आहे की नाही हे घरी कळतं. थंड इंजिन सुरू करा आणि फॅन-बेल्टपासून हात लांब ठेवून रेडिएटरच्या खालच्या जाड नळीला अधूनमधून स्पर्श करा. ती बराच वेळ थंड राहून मग चांगली गरम झाली तर थर्मोस्टॅट काम करतोय. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेली तर तो उघडा अडकलाय किंवा कुणीतरी काढलाय.

फॅन तपासायला एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी चालू झाला की थोड्याच वेळात रेडिएटरचा फॅन फिरतो. फिरला नाही तर आधी फ्यूज आणि रिले बघा, मग मोटर. एसी बंद करूनही तपासा: गाडी उभी ठेवून इंजिन तापू द्या, फॅन आपोआप लागून बंद व्हायला हवा.

कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचं भरा, तयार मिश्रण असलेलं. दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर ही सामान्य जुन्या गाडीला योग्य मुदत. लाँग लाइफ कूलंट असेल तर डब्यावरची मुदत पाळा. कॉन्सन्ट्रेट घेतलं तर डिस्टिल्ड वॉटर मिसळा, बोअरचं पाणी नाही. सोलापूर-लातूरकडच्या क्षारयुक्त पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत कसा थर धरतो, ते जुना रेडिएटर कापून दाखवला की कळतं. वॉटर पंपाच्या अंगाला एक छोटं भोक असतं. तिथून ओघळ आल्याची पांढरट किंवा हिरवी खूण दिसली तर पंपाचं सील गेलंय. 'अजून थोडे दिवस चालेल' म्हणू नका.

आणि वाटेत तापलीच तर? बऱ्याच छोट्या गाड्यांत काटा नसतो, नुसता निळा आणि लाल दिवा असतो. लाल लागला म्हणजे आधीच उशीर झालेला असतो. एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात करा, पहिली सुरक्षित जागा दिसेल तिथे बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. बोनेट उघडा, टोपीला हात लावू नका. अर्धा-पाऊण तास थांबा. नळी हाताला सोसेल इतकी थंड झाल्यावरच फडक्याने टोपी हळू सोडा. तापलेल्या इंजिनात गार पाण्याची बाटली ओतणारे मदतनीस रस्त्यावर हमखास भेटतात. त्यांना नम्रपणे चहा प्यायला पाठवा.

इंजिन ऑइल

१०,००० किलोमीटर किंवा वर्ष हे पुस्तिकेतलं अंतर जुन्या गाडीत मी कमी करायला सांगतो. शहरातलं थांबत-थांबत चालणं, धूळ, छोट्या फेऱ्या असतील तर ६,००० ते ७,५०० किलोमीटर, आणि काहीही झालं तरी वर्षातून एकदा. फिल्टर दर वेळी नवा. ग्रेड (ऑइलचा जाडपणा) पुस्तिकेतलीच ठेवा. '५डब्ल्यू-३० पातळ आहे, आता २०डब्ल्यू-५० टाका' हा सल्ला आवाज दोन दिवस कमी करतो, पण आतल्या भागांमधल्या फटी बारीक असलेल्या इंजिनात सकाळी वरपर्यंत ऑइल पोहोचायला उशीर लावतो. ऑइल खाणाऱ्या गाडीला एक पायरी जाड ग्रेड पुस्तिकेच्या तक्त्यात असेल तर चालेल, त्यापलीकडे नाही.

ऑइल खातेय की नाही हे अंदाजाने ठरवू नका. वरच्या खुणेपर्यंत भरा, वहीत किलोमीटर लिहा, हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, सकाळी, पुन्हा बघा. हजाराला पाव लिटरच्या आत असेल तर डिकीत अर्ध्या लिटरची बाटली ठेवा आणि निवांत चालवा. अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं तर कारण शोधायचं. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या आतला दाब सोडणारी झडप. तो बुजला की इंजिनातला दाब ऑइलला सगळीकडून बाहेर ढकलतो, आणि वस्तू स्वस्त आहे. मग कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं), कोरडी आणि थोडं ऑइल सोडून ओली. ओल्या चाचणीत आकडा बराच वाढला तर रिंग झिजल्यात. वाढला नाही आणि मुळात आकडे ठीक असतील तर व्हॉल्व्ह सीलकडे संशय घ्या. ही चाचणी न करता 'इंजिनकाम निघालंय' असं कुणी सांगितलं तर दुसरीकडे जा.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर इंजिन फ्लश, ॲडिटिव्ह, डीकार्बनायझेशन अशी यादी पुढे येते. साध्या पोर्ट-इंजेक्शन पेट्रोल गाडीला यातलं जवळजवळ काही लागत नाही. तिथे पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरूनच जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतला जातो. वर्षानुवर्षं साचलेला गाळ फ्लशने एकदम सुटला तर तो ऑइलच्या गाळणीत जाऊन बसतो, आणि ते परवडणारं नाही. घाण जास्त असेल तर पुढची दोन ऑइल बदलणी ३,००० किलोमीटरवर करा. थ्रॉटल बॉडी साफ करणं मात्र उपयोगाचं आहे, आयडलिंग डळमळत असेल तर आधी तेच करा.

बेल्ट की चेन?

इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनशी जुळवून उघड-बंद करायला बेल्ट आहे की चेन, हा प्रश्न फक्त एकदाच विचारायचा, पण विचारायचाच. मारुतीच्या के-सीरिज इंजिनांना चेन आहे. जुनी ८००, अल्टो ८०० आणि सुरुवातीची १.१ लिटर वॅगनआर यांना टायमिंग बेल्ट. आय-१० मध्ये १.१ लिटरला बेल्ट, १.२ कप्पाला चेन. इनोव्हाच्या २.५ डिझेलला आणि डस्टरच्या १.५ डिझेलला बेल्ट. बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि रस्त्यातच सगळं संपतं. त्याची कुठलीही पूर्वसूचना मिळत नाही. पुस्तिकेतली मुदत किलोमीटरने भरली नसेल पण बेल्टला वर्षं झाली असतील तर बदला, सोबत टेन्शनर, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही. दोनदा मजुरी कशाला द्यायची? चेनला ठरावीक मुदत नसते, तिचं आयुष्य ऑइल वेळेवर बदलण्यावर आहे.

ब्रेक

पॅड आणि शू सगळे बघतात, ब्रेक ऑइल कुणी बघत नाही. ते हवेतली ओल ओढून घेतं. डॉट-३ प्रकारचं ऑइल ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल शिरल्यावर १४० च्या आसपास. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५. पाटणहून चिपळूणकडे कुंभार्ली घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर जुन्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदलून ब्लीड करून (नळ्यांतली हवा काढून) घ्या. आणि उतारावर दुसरा-तिसरा गिअर, हे नव्या गाडीलाही लागू आहे.

रबरी ब्रेक होज वाकवून बघा, वाकलेल्या जागी चिरा दिसल्या तर चारही बदला. मागचे ड्रम वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या आणि व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून आत ओल आहे का ते पाहायला सांगा. हँडब्रेक फार वर येत असेल तर केबल ताणण्याआधी मागचे शू तपासा. पेडल पहिल्या दाबाला खाली आणि दुसऱ्याला वर, असं होत असेल तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका.

आवाज ऐकून सस्पेन्शन

आपल्या रस्त्यांवर लाखभर किलोमीटरनंतर खडखड येणारच, पण ती कुठून येते हे कळलं तर अर्धे पैसे वाचतात. छोट्या खड्ड्यांवर पुढून 'कट-कट', मोठ्यावर मात्र शांत: लिंक रॉड, सगळ्यात स्वस्त काम, आधी हेच. ब्रेक लावताना किंवा सोडताना एकच 'टक': लोअर आर्मचा बुश. पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवून पुढे घेताना लयीत 'टिक-टिक-टिक': ॲक्सलचा सीव्ही जॉइंट. स्टीअरिंग उभ्या गाडीत वळवताना स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज: स्ट्रटचं वरचं बेअरिंग. हायवेवर वेगाबरोबर वाढणारा घूंऽऽ आवाज डावीकडे-उजवीकडे हलकं वळण घेताना बदलत असेल तर व्हील बेअरिंग. बदलत नसेल तर बहुधा टायर.

ॲक्सलचा रबरी बूट दर सर्व्हिसला बघा. फाटला की आतलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला फवारल्यासारखं दिसतं. त्याच आठवड्यात बूट आणि ग्रीस बदललं तर काम थोडक्यात, पाऊस-चिखल आत गेला की आख्खा ॲक्सल. शॉकअप गळत असतील तर जोडीने बदला, आणि प्रत्येक सस्पेन्शनच्या कामानंतर अलाइनमेंट. आधी अलाइनमेंट करून मग बुश बदलणाऱ्याला दोन्हीचे पैसे पुन्हा द्यावे लागतात.

टायरच्या अंगावर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढच्या टायरवर पावसाळा काढू नका. स्टेपनीचा आकडाही बघा, ती बहुतेक गाडीच्याच वयाची निघते.

वीज, पेट्रोल, क्लच

बॅटरी तीन ते पाच वर्षं. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. साधा मल्टिमीटर घरात असू द्या. दिवे मंदावणं, सेल्फ कण्हणं यात निम्म्या वेळा बॅटरी निर्दोष असते आणि इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली असते. ती काढून घासून पुन्हा घट्ट करा.

चेक इंजिनचा दिवा लागला तर स्कॅनरने कोड वाचून घ्या आणि वहीत लिहा, मग पुसा. ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर घेतला तर हे घरी जमतं. कोड 'ऑक्सिजन सेन्सर' म्हणाला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही, कुठेतरी हवेची गळती किंवा सायलेन्सरची चीर असते.

एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या २० टक्के इथेनॉलसाठी बनलेल्या नाहीत, आणि आता पंपावर तेच मिळतं. ॲव्हरेज थोडं कमी होणार हे धरून चाला. काळजी इंधनाच्या रबरी नळ्यांची आणि सीलची घ्यायची. इंजिनाजवळची नळी दर सहा महिन्यांनी बघा, पेट्रोलचा वास आला तर लगेच. गाडी महिनोन्‌महिने पेट्रोल भरून उभी ठेवू नका. टाकी पाव भागाखाली जाऊ न देणं बरं, टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.

क्लच घसरतोय का ते रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कळतं: चाळीस-पन्नासला एकदम ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढले आणि गाडी मागे राहिली तर प्लेट संपली. बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा संच, आणि गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्रँकचं मागचं सील बघून घ्या. गिअर ऑइलही त्याच वेळी.

पाऊस आणि गंज

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात गाडी असेल तर इंजिनापेक्षा पत्रा आधी जाऊ शकतो. मे महिन्यात वायपरखालच्या जाळीतली पानं काढा, तिथली पाण्याची वाट बुजली की पाणी पायाशी उतरतं. दरवाज्यांच्या तळाला असलेली छोटी भोकं काडीने मोकळी करा. मॅट उचलून खालचा गालिचा दाबून बघा, ओल असेल तर आधी एसीची पाण्याची नळी तपासा. पावसाळ्यानंतर गाडी रॅम्पवर घेऊन तळ धुवून, वाळवून मगच अँटिरस्ट मारून घ्या. ओल्या गंजावर काळा थर मारला की आत गंज निवांत वाढतो आणि दिसतही नाही. सस्पेन्शन जिथे बसतं तो भाग आणि दरवाज्याखालचा पट्टा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. भुसभुशीत आवाज आला तर गाडीच्या भवितव्याचा विचार तिथून सुरू होतो.

पावसात उंदीर बोनेटमध्ये येतात. उभी गाडी असेल तर सुरू करण्याआधी बोनेट उघडून वायरी बघायची सवय लावा.

डिझेल आणि सीएनजी

डिझेलमध्ये डिझेल फिल्टर वेळेवर आणि त्यातलं पाणी काढणं, हे सगळ्यात महत्त्वाचं, इंजेक्टर महाग असतात. घाट चढून आल्यावर टर्बोसाठी मिनिटभर आयडल ठेवून मग बंद करा. गाडी ओढत नसेल तर टर्बोचा निकाल लावण्याआधी इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी हवा थंड करणारा भाग) नळ्या बघा, त्या फाटलेल्या असतात. सीएनजीवर इंजिन कोरडं चालतं, म्हणून प्लग लवकर आणि ज्या इंजिनात टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) असतं तिथे ते नियमित. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे. आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवा, नाहीतर ऐन वेळी पेट्रोलची बाजू सुरू होत नाही.

मेकॅनिक आणि पार्ट

वॉरंटी संपून वर्षं झालेल्या गाडीला अधिकृत सर्व्हिस सेंटरच लागतं असं नाही. एका मॉडेलवर रोज हात बसलेला, काढलेला पार्ट दाखवणारा आणि 'आत्ता नको, पुढच्या सर्व्हिसला करू' असं म्हणू शकणारा मिस्त्री शोधा. पहिलं काम त्याला छोटं द्या. ब्रेक, कूलिंग, टायमिंग आणि स्टीअरिंगचे पार्ट कंपनीचे किंवा कंपनीला पुरवठा करणाऱ्या उत्पादकाचेच घ्या, खोका आणि बिल मागा. दरवाज्याचं हँडल, आरसा, दिव्याची काच यांसाठी पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला फिरायला हरकत नाही. वापरलेला रेडिएटर किंवा ब्रेकचा पार्ट मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

खर्चाची रांग अशी लावा: थांबणं, वळणं आणि तापणं यांचं काम आधी. ओढणं आणि ॲव्हरेज त्यानंतर. आवाज आणि दिसणं सगळ्यात शेवटी. टचस्क्रीन आणि सीटकव्हर लावलेल्या, पण गुळगुळीत टायरवर फिरणाऱ्या गाड्या रस्त्यावर कमी नाहीत.

कागद, आणि कधी थांबायचं

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून १५ ते २० वर्षांच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली, उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये जादा, शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दिल्लीतल्या १५ वर्षांच्या नियमाचे मेसेज वाचून घाबरू नका, महाराष्ट्रात वय झालं म्हणून चांगली पेट्रोल गाडी भंगारात काढायची सक्ती नाही. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागते. पीयूसी बीएस-४ (भारत स्टेज-४ प्रदूषण मानक) गाडीला वर्षाची, त्याआधीच्या गाडीला सहा महिन्यांची. पाच वर्षांपुढच्या गाडीची विम्यातली किंमत तुमच्या आणि कंपनीच्या संमतीने ठरते. नूतनीकरणाच्या वेळी ती परस्पर फार खाली आणलेली नाही ना ते बघा.

विकायची कधी? एका मोठ्या बिलावरून ठरवू नका. क्लच आणि टायर एकाच वर्षी आले तर खर्च डोंगराएवढा वाटतो, पण पुढची चार-पाच वर्षं ते काम पुन्हा निघत नाही. वहीतून सलग दोन वर्षांची बेरीज काढा आणि तिची नव्या गाडीच्या हप्त्यांशी तुलना करा, बहुतेक वेळा जुनीच जिंकते. सांगाड्याला गंज लागला असेल, हेड तापून एकदा काम झालेलं असताना पुन्हा तापत असेल, किंवा पार्ट मिळायला आठवडे लागत असतील, तर मात्र थांबा. भंगारात काढायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि ठेव प्रमाणपत्र घ्या, नवी गाडी घेताना करात सवलत त्यावर मिळते. कुणाला विकली तर पैसे हातात आल्यावर विसरू नका: परिवहनच्या संकेतस्थळावर आरसी दुसऱ्याच्या नावावर चढली की नाही ते स्वतः बघा, आणि तोपर्यंत फास्टॅगही बंद करून टाका.